ओळख ठेंगण्या ऑर्किडची : फूल काय सांगते?

घरच्या बागेची हौस असलेल्या वऱ्हाडातील माणसाला ऑर्किडचे आकर्षण आता नवे राहिलेले नाही. पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकेतून, एखाद्या पुष्पप्रदर्शनातून किंवा घरबसल्या मागणी नोंदवून आणलेली, वीतभर उंचीची पण फुलांनी लगडलेली कुंडी दिवाळीच्या सुमारास अमरावती-अकोल्याच्या घरात येते, संक्रांतीपर्यंत दिमाखात फुललेली राहते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की पाने सुरकुतून मान टाकते. शेजारच्या सज्जातील, जवळजवळ तशीच दिसणारी कुंडी मात्र त्याच उन्हाळ्यातून तरून जाते आणि पावसाळ्यात नवे कोंबही धरते. पाणी दोघांनी सारखेच घातलेले असते, वर हिरवी जाळीही सारखीच असते. फरक असतो तो रोपाच्या वंशात. एकाचे पूर्वज उष्ण किनाऱ्यावरचे असतात, तर दुसऱ्याचे पूर्वज थंड, धुकट डोंगरावरचे. दुकानात दोघांच्याही कुंडीवर लिहिलेले असते ते एवढेच : ‘ऑर्किड, मिश्र रंग’.

असे नाव हरवलेले रोप हाती आले तर त्याचा वंश शोधण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे त्याचे फूल. पाने फसवतात, खोड फसवते, उंची तर हमखास फसवते. कारण ठेंगणेपणा हा संकर करणाऱ्यांनी मुद्दाम आणलेला गुण आहे आणि तो निरनिराळ्या वंशांत आणला गेला आहे. फुलाची घडण मात्र सहजी लपत नाही. ती कशी वाचावी हे पाहण्याआधी ती किती सांगू शकते आणि कोठे थांबते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

संकरित वाण म्हणजे काय, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. संकरित कापूस आणि संकरित ज्वारी यांनी या भागातील शेतीच बदलून टाकली. संकरित कापसाच्या पिशवीतील प्रत्येक बी सारखे निघते, सारख्या उंचीचे झाड आणि सारखे बोंड देते. असे होते याचे कारण, त्या बियाण्याचे आईबाप अनेक पिढ्या स्वपरागणाने शुद्ध करून घेतलेले असतात. ऑर्किडची गोष्ट येथे उलटी आहे. ऑर्किडच्या संकराचे आईबाप बहुधा स्वतःच मिश्र वंशाचे असतात. त्यामुळे एकाच फळातून निघालेली भावंडे एकमेकांसारखी दिसतीलच असे नाही. एक गुलाबी, दुसरे पिवळसर, तिसरे ठिपकेदार असे होते. तरीही त्या दोन आईबापांच्या सर्व संततीला, मग ती कशीही दिसो, एकच नाव असते. नोंदणीचा नियमच तसा आहे. भावंडांतील एखादे विशेष सुंदर निघाले तर त्या एका रोपाला अवतरणचिन्हांत आणखी एक नाव मिळते, आणि त्याच्याच उतिसंवर्धनाने केलेल्या प्रती त्या नावाने विकल्या जातात.

म्हणूनच ‘फुलाचे छायाचित्र पाहून नाव सांगा’ ही अपेक्षा रास्त नाही. एकाच नावाखाली दहा प्रकारची फुले असू शकतात आणि दहा वेगवेगळ्या नावांखाली हुबेहूब एकसारखे फूल असू शकते. फुलावरून कळते ते घराणे. कुंडी कोठे ठेवायची, पाणी किती घालायचे, मे महिन्यात तिचे काय करायचे, हे ठरवायला घराणे पुरेसे असते. नाव फक्त लेबल सांगू शकते.

संकरांची ही गर्दी झाली कशी, तेही थोडक्यात सांगायला हवे. माणसाने घडवलेला पहिला ऑर्किड-संकर इंग्लंडमध्ये एक्सेटर येथील व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी या माळ्याने केला. तो १८५६ साली फुलला आणि त्याचे नाव ‘कॅलँथी डॉमिनाय’ असे ठेवण्यात आले. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नसते आणि निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजते. १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या जेलीवर बुरशीवाचून बी रुजवून दाखवले आणि संकरांचे दार उघडले. १९६० साली फ्रान्सचे जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या अग्रापासून एकाच रोपाच्या असंख्य प्रती काढण्याची वाट दाखवली आणि श्रीमंतांची चैन असलेले हे फूल मध्यमवर्गीयांच्या खिडकीत आले. नावे नोंदण्याचे काम पूर्वी सँडर यांच्या यादीतून होत असे. १९६१ पासून ते लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी पाहते. आज त्या नोंदवहीत लाखाहून अधिक संकर आहेत.

मेळघाटातील नमुना

ऑर्किडचे फूल वाचायला शिकायचे तर आरंभ दुकानातल्या फुलापासून करण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातच त्याचा उत्तम नमुना आहे. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असलेल्या मेळघाटात, चिखलदऱ्याच्या वाटेवरील जुन्या झाडांच्या फांद्यांवर ‘व्हँडा टेसेलाटा’ हे ऑर्किड वाढते. पट्ट्यांसारखी, मधोमध दुमडलेली पाने, हवेत लोंबणारी जाड करडी मुळे आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत येणारी सुगंधी फुले ही त्याची खूण. फूल साधारण चार-पाच सेंटिमीटरचे असते. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकटींची नक्षी, पाकळ्यांची पाठ पांढरी आणि मध्यभागी निळसर-जांभळा ओठ. ‘टेसेलाटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी चौकटींची नक्षी असलेले.

या वनस्पतीच्या नावाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला संस्कृतात ‘वन्दा’ म्हणतात. १८व्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात न्यायाधीश असलेले संस्कृतज्ञ विल्यम जोन्स यांनी हा शब्द युरोपीय वाचकांपुढे ठेवला, आणि १८२० साली रॉबर्ट ब्राऊन यांनी याच वनस्पतीवरून ‘व्हँडा’ ही प्रजाती उभी केली. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट.) आज थायलंडपासून हवाईपर्यंत ज्या व्हँडांचा व्यापार चालतो, त्या सर्वांच्या नावाचे मूळ मेळघाटातही सहज आढळणाऱ्या या जातीत आहे. गंमत अशी की, ‘वन्दा’ शब्दात बांडगूळही येते, आणि पुष्कळ लोक आजही झाडावरच्या ऑर्किडला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. बांडगूळ झाडाच्या सालीत मुळे घुसवून त्याचा रस शोषते. ऑर्किड फांदीचा केवळ आधार घेते. त्याची मुळे सालीवरून सरपटतात आणि पावसाचे, दवाचे पाणी टिपतात. त्याने झाडाचे काही बिघडत नाही.

आता त्या फुलाकडे पाहू. सर्वांत बाहेर तीन निदले, त्यांच्या आत तीन पाकळ्या. निदलेही पाकळ्यांसारखीच रंगीत असल्याने प्रथमदर्शनी पाच सारख्या पाकळ्या आणि एक वेगळीच, असे वाटते. ही वेगळी, खालच्या बाजूची पाकळी म्हणजे ओठ. परागण करणाऱ्या कीटकाला उतरण्यासाठी केलेला तो जणू ओटाच असतो. कळी उमलण्यापूर्वी बहुतेक ऑर्किडची फुले देठाशी अर्धा वळसा घेतात आणि त्यामुळे ओठ खाली येतो. फुलाच्या मध्यभागी पुंकेसर आणि जायांग यांचा मिळून झालेला एकच दांडू असतो; त्याला स्तंभ म्हणतात. स्तंभाच्या टोकाशी एक छोटी टोपी असते. तिच्या आत पराग सुट्या भुकटीच्या रूपात नसतो. मेणासारख्या गोळ्यांच्या रूपात असतो. हे परागपुंज. काही प्रजातींत ओठाच्या मागे किंवा खाली एक पोकळ शेपटी निघते, तिला शुंडिका म्हणतात.

ओठ, शुंडिका, स्तंभ आणि परागपुंज या चार गोष्टी पाहिल्या की निम्मे काम होते. रंग सर्वांत शेवटी पाहायचा. हौशी माणूस नेमका याच्या उलट क्रमाने जातो आणि चुकतो.

शुंडिकेची साक्ष

मेळघाटातील व्हँडाची शुंडिका आखूड, शंकूसारखी आणि बोथट असते. ही खूण लक्षात ठेवण्याचे कारण, बाजारात मिळणाऱ्या ठेंगण्या संकरांत वऱ्हाडच्या हवेला सर्वांत जवळचा असलेला गट याच घराण्यातला आहे. मोठ्या व्हँडाची रोपे हात-दोन हात उंच होतात आणि फुलायला वर्षे घेतात. ती लहान करण्यासाठी त्यांचा संकर ‘ॲस्कोसेंट्रम’ या बुटक्या, ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत वाढणाऱ्या नातलगाशी केला गेला. ‘ॲस्कोसेंट्रम’ या ग्रीक नावाचाच अर्थ पिशवीसारखी शुंडिका. त्याचे फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे, नारिंगी, लाल किंवा किरमिजी. पण फुले सरळ उभ्या दांड्यावर मक्याच्या कणसासारखी दाटीने येतात. या दोहोंच्या संततीला ‘ॲस्कोसेंडा’ हे नाव मिळाले. त्यातील पहिला संकर हवाईतील सी. पी. सिडेरिस यांनी १९४९ साली नोंदवला.

ॲस्कोसेंडा ओळखायचा कसा? फुलांचा दांडा उभा, फुले गोल, सपाट आणि एकमेकांना खेटून, रुंदी बहुधा तीन ते सहा सेंटिमीटर. फूल उलटे करून ओठाच्या खाली पाहिले की, फुलाच्या आकारमानाच्या मानाने लांब आणि ठसठशीत शुंडिका दिसते. तिथे ॲस्कोसेंट्रमचा अंश निश्चित समजावा. शुंडिका जवळपास नाहीशी झालेली असेल आणि खालची दोन निदले वरच्या भागापेक्षा मोठी, तपकिरी-लाल शिरांच्या जाळीची असतील, तर रक्तात फिलिपीन्सच्या ‘व्हँडा सँडेरियाना’चा वाटा मोठा आहे. ही जाती सखल, उष्ण प्रदेशातील. निळ्या रंगावर चौकटींची नक्षी आली तर खासी टेकड्यांतील ‘व्हँडा सेरुलिया’ आठवावी. ती थंड हवेची. चौकटी आहेत, पण पाकळ्यांची पाठ पांढरी आणि वास दरवळणारा असेल, तर मात्र मेळघाटातलीच ‘टेसेलाटा’ कोठेतरी आजी-पणजी असण्याचा संभव मोठा. सिंगापूरमध्ये घडवलेली, सुगंधासाठी नावाजलेली ‘व्हँडा मिमी पामर’ ही टेसेलाटाचीच कन्या होय.

यात सेरुलियाचे उदाहरण व्यवहाराचे आहे. १९५०चा प्रसिद्ध ॲस्कोसेंडा ‘मेडा आर्नोल्ड’ याची आई ‘रॉथ्सचिल्डियाना’, आणि रॉथ्सचिल्डियाना ही सेरुलिया व सँडेरियाना यांची संतती. म्हणजे एका छोट्या फुलात थंड खासी टेकडी, फिलिपीन्सचा उष्ण किनारा आणि ॲस्कोसेंट्रमचा ठेंगणेपणा असे तिन्ही आले. अशा भावंडांपैकी जी निळी आणि चौकटीदार, ती अकोल्याच्या मे महिन्यात अधिक जपावी. जी नारिंगी-लाल व ठसठशीत शुंडिकेची, ती बहुधा अधिक सोशीक. याला नियम म्हणता येणार नाही, अंदाजच म्हणावे; पण कुंड्या चार आणि सावलीची जागा दोनच असेल तर हा अंदाज उपयोगी पडतो.

याच गटात आणखी दोन नातलग मिसळलेले असतात. सह्याद्रीत जिला ‘सीतेची वेणी’ म्हणतात ती ‘ऱ्हिंकोस्टायलिस’; आसामात बिहूच्या वेळी बायका हीच फुले केसांत माळतात. तिच्या ओठाला बाजूचे कान नसतात, शुंडिका चपटी होऊन मागे वळते आणि फुले भरगच्च वेणीसारखी येतात. दुसरी ‘एरिडीस’, तिची शुंडिका शिंगासारखी पुढे वळलेली असते. ठेंगण्या व्हँडासारखे रोप, पण शुंडिका मागे चपटी किंवा पुढे वळलेली, असे दिसले की हे तिहेरी संकर आहे हे ओळखावे.

हनुवटी असलेले फूल

दुकानांत सर्वाधिक गोंधळ होतो तो ‘डेंड्रोबियम’ आणि ‘फॅलेनोप्सिस’ यांच्यात. दोघांची फुले गोलसर, पतंगाच्या पंखांसारखी, पांढरी ते जांभळी. त्यात डेंड्रोबियमच्या ज्या गटाचे फूल फॅलेनोप्सिससारखे दिसते त्याला व्यापारात ‘डेन-फॅल’ म्हणतात आणि विक्रेता पुष्कळदा नुसते ‘फॅल’ म्हणून मोकळा होतो. या दोघांत गफलत झाली तर रोपाच्या जिवावर बेतते, कारण दोघांना लागणारी हवा अगदी वेगळी आहे.

फूल बाजूने पाहावे. डेंड्रोबियममध्ये स्तंभाचा तळ पुढे वाढलेला असतो आणि बाजूची दोन निदले त्याला चिकटून ओठाखाली एक टोकदार फुगवटा तयार करतात. माणसाच्या चेहऱ्याला हनुवटी असावी तसा तो दिसतो. वनस्पतिशास्त्रज्ञही त्याला हनुवटीच म्हणतात, फक्त लॅटिनमध्ये. ठेंगण्या डेंड्रोबियम संकरांच्या मुळाशी असलेल्या ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या ‘डेंड्रोबियम बायगिबम’ या जातीत तर या भागाला दोन उंचवटे असतात. ‘बायगिबम’ म्हणजे दोन कुबडांचे. या जातीचा एक नैसर्गिकच बुटका प्रकार आहे, आणि टेबलावर मावणारी बहुतेक डेन-फॅल रोपे त्याचा वारसा सांगतात. पाकळ्या अरुंद आणि वर उभ्या, पिळलेल्या असतील, हरणाच्या शिंगांची आठवण व्हावी अशा, तर त्यात न्यू गिनीच्या बाजूच्या जातींचा अंश असतो.

क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला उन्हाळी पाऊस आणि कोरडा हिवाळा असा ऋतुक्रम असतो. वऱ्हाडचा पावसाळा व कोरडा हिवाळा त्याच्याशी पुष्कळच जुळतो. त्यामुळे हनुवटी दिसली, आणि दांडा उसासारख्या खोडाच्या शेंड्याजवळून निघाला असेल, तर घेणाऱ्याने निश्चिंत व्हायला हरकत नाही. हिवाळ्यात या रोपाची काही पाने गळतात तेव्हा घाबरून पाणी वाढवू नये. तो त्याचा विश्रांतीचा काळ असतो. हनुवटी आहे, पण फुले शेंड्यावर न येता खोडाच्या पेरापेरांतून दोन-तीनच्या झुबक्यांनी आली आहेत आणि ओठाच्या घशात गडद डाग आहे, असे असेल तर ते हिमालयाच्या पायथ्याकडील ‘नोबिली’ गटातले. त्याला फुलण्यासाठी थंडी लागते. अकोल्याची डिसेंबरची रात्र ती काही अंशी पुरवतेही, पण त्यानंतरचा उन्हाळा त्याला जड जातो.

फॅलेनोप्सिसला, एका बुटक्या जातीचा अपवाद सोडला तर, अशी हनुवटी नसते. त्याची खूण ओठाच्या टोकाशी असते. पांढऱ्या मोठ्या फुलांच्या ‘ॲमाबिलिस’ घराण्यात ओठाचे टोक दुभंगून दोन बारीक, वळलेल्या तारा निघतात. मिशांना पीळ द्यावा तशा. ठेंगणे फॅलेनोप्सिस घडवताना फिलिपीन्स व तैवानमधील ‘इक्वेस्ट्रिस’ या छोट्या जातीचा फार उपयोग झाला. तिच्या ओठाला मिशा नसतात. टोक लहान आणि मांसल. त्यामुळे कुंडी लहान, दांड्याला फाटे फुटलेले, फुले तीन-चार सेंटिमीटरची व पुष्कळ, ओठ गडद आणि मिशा अगदी आखूड किंवा नाहीतच, असे दिसले तर इक्वेस्ट्रिस रक्तात आहे. दांडा ताठ उभा आणि ओठाच्या तळाशी दोन बारीक तंतू असतील तर वर सांगितलेला अपवाद, ‘पुल्केरिमा’, समोर आहे. तिला लहानशी हनुवटीही असते, आणि ती उन्हाला इतर फॅलेनोप्सिसपेक्षा अधिक सोसते.

फॅलेनोप्सिसला सावली आणि दमट हवा हवी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सावली देता येते. दमटपणा देणे कठीण. तेथे घरातला कूलरच मदतीला येतो. कूलरच्या थेट झोतात न ठेवता, त्याच्या ओलसर हवेच्या वाटेवर, खिडकीपासून दूर ठेवलेली कुंडी मे महिना काढू शकते. दुसरीकडे या भागातील हिवाळा फॅलेनोप्सिसच्या पथ्यावर पडतो. हवा साधारण २५ अंशांखाली उतरली की त्याला फुलाचा दांडा फुटतो; मुंबईत जे मोठ्या मिनतवारीने घडते ते अमरावतीत नोव्हेंबर-डिसेंबरात आपोआप होते.

पाण्याची मात्र वेगळीच अडचण आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सर्वांना ठाऊक आहे. त्या पट्ट्यातील विहिरीचे वा कूपनलिकेचे खारे पाणी ऑर्किडच्या उघड्या मुळांना सोसत नाही. मुळांची टोके काळी पडतात आणि कोळशावर, विटांच्या तुकड्यांवर पांढरा थर साचतो. वंश कोणताही निघो, पावसाचे साठवलेले पाणी येथे सर्वांनाच लागते.

परागपुंजांची मोजदाद

ठेंगण्या ‘कॅटलिया’ संकरांची गोष्ट अधिक अवघड. यांच्या फुलाचा ओठ नळीसारखा गुंडाळलेला आणि पुढे पसरलेला असतो. १९व्या शतकात जॉन लिंडली यांच्यासारख्या वर्गीकरणकारांनी परागपुंजांच्या संख्येला मोठे महत्त्व दिले होते : कॅटलियात चार, तिच्या जवळच्या लेलियात आठ. हे घरीही पाहता येते. दातकोरण्याचे बोथट टोक स्तंभाच्या खालून वर हळूच नेले की टोपी निघते आणि पिवळे गोळे काडीला चिकटून येतात. भिंगातून ते मोजायचे. चार मोठे आणि चार खुरटलेले निघाले तर दोन्ही घराण्यांची सरमिसळ आहे, असा अंदाज करता येतो. अर्थात परागपुंज काढलेले फूल बहुधा लवकर कोमेजते. तेव्हा दांड्यावरचे एखादेच फूल या परीक्षेला द्यावे.

पण कॅटलियात ग्राहकाचे नुकसान करणारी खूण वेगळी आहे, आणि ती नेमकी सर्वांत मोहक आहे. शेंदरी-लाल, सपाट, फुलाच्या मानाने रुंद पाकळ्यांचे, अगदी लहान रोपावर एक-दोनच आलेले फूल दिसले की ते ब्राझीलच्या ‘सोफ्रोनायटिस कॉक्सिनिया’चे देणे समजावे. ही जाती ब्राझीलच्या किनारी डोंगरांत, धुक्यात आणि गारव्यात वाढते. ठेंगण्या कॅटलियांना बुटकेपणा आणि लाल रंग पुष्कळ अंशी तिनेच दिला. पण त्यासोबत उष्णतेचा तिटकाराही दिला. हा अंश जितका अधिक, तितकी वऱ्हाडात रोप जगण्याची शक्यता कमी. चिखलदऱ्यात, सुमारे अकराशे मीटर उंचीवर, कदाचित निभेल. अकोल्यात निभणे कठीण.

उलट फूल हिरवट-पांढरे वा फिकट, पाकळ्या अरुंद, ओठ पुढे पसरट, हृदयाच्या आकाराचा आणि टोकदार असेल, अन् दिवसा न येणारा वास रात्री दरवळत असेल, तर ती ‘ब्रासाव्होला नोडोसा’ची संतती. ही मध्य अमेरिकेच्या उष्ण किनाऱ्यावर, कधी खारफुटीच्या झाडांवरही वाढते. तिची ‘मैकाई’सारखी लेक, गुलाबी ठिपकेदार ओठाची, उन्हाला खंबीर असते. तेव्हा अशा रोपाची परीक्षा करायची तर दुकानातून निघण्याआधी वास घेऊन भागत नाही; कुंडी घरी आल्यावर रात्री नऊ-दहा वाजता एकदा तिच्याजवळ जायला हवे. स्तंभ ओठाच्या नळीत झाकलेला न राहता उघडा दिसत असेल आणि गंध दिवसाही गोड असेल, तर ब्राझीलच्याच ‘वॉकेरियाना’चा वारसा समजावा. ती कोरड्या ऋतूला सरावलेली आहे आणि त्यामुळे वऱ्हाडात सोफ्रोनायटिसपेक्षा बरी राहते.

‘ऑन्सिडियम’बद्दल फार सांगण्यासारखे नाही. घागरा पसरून नाचणाऱ्या मुलीसारखा रुंद ओठ, त्याच्या मुळाशी चामखिळीसारखे उंचवटे आणि स्तंभाला दोन छोटे पंख. एकदा पाहिले की विसरत नाही. ठेंगण्यांत १९५८चा ‘ट्विंकल’ सर्वत्र मिळतो : नखाएवढी शेकडो फुले आणि व्हॅनिलाचा वास. ओठावर दोन समांतर कडा उठलेल्या दिसल्या तर ते ‘सिंबिडियम’. दार्जिलिंग-सिक्कीमकडून आलेले हे रोप वऱ्हाडात फूल असेपर्यंत पाहावे आणि पुढच्या बहराची फारशी आशा धरू नये.

रंगाची फसवणूक

रंगाला शेवटचे स्थान का द्यायचे, याचे उत्तर बाजारच देतो. झगझगीत निळे फॅलेनोप्सिस काही वर्षांपूर्वी परदेशी बाजारांत आले आणि मग आपल्याकडेही दिसू लागले. ते मुळात पांढरे असते. दांड्यात रंग सोडून पाकळ्या निळ्या केलेल्या असतात. पुढचा बहर पांढराच येतो आणि घेणाऱ्याला वाटते की आपल्याकडून काही चुकले. दांड्यावर बंद केलेले बारीक छिद्र आणि शिरांत साकळलेली शाई दिसली की उलगडा होतो. शिवाय रंग हवेवरही अवलंबून असतो. उष्ण दिवसांत उमललेली फुले थंडीत उमललेल्या फुलांपेक्षा फिकट येऊ शकतात. एकाच रोपाची जूनमधील आणि जानेवारीतील छायाचित्रे ठेवली तर ती दोन निराळ्या रोपांची वाटावीत. पहिल्यांदा फुललेल्या लहान रोपाचे फूलही प्रातिनिधिक नसते. दुसऱ्या-तिसऱ्या बहराला आकार व नक्षी स्थिरावते.

म्हणून नोंद ठेवायची तर फूल पूर्ण उमलल्यावर तीन-चार दिवसांनी ठेवावी : समोरून, बाजूने आणि खालून, शेजारी पट्टी धरून, दांड्याची दिशा, फुलांची संख्या, वास कोणत्या वेळी येतो, शुंडिका आहे की नाही. जाणकाराला विचारायचे झाले तर समोरून काढलेल्या एका देखण्या छायाचित्रापेक्षा ओठाखालचे धूसर चित्र अधिक उपयोगी पडते.

लेबल मिळालेच तर त्यावरील नाव जुने असण्याची शक्यता मोठी आहे. गेल्या दोन दशकांत जनुकीय अभ्यासामुळे या घराण्यांची फेररचना झाली. सोफ्रोनायटिस आणि ब्राझीलमधील लेलिया आता कॅटलियात गणल्या जातात. चार आणि आठ परागपुंजांची जुनी भिंत त्यामुळे पडली. २०१२ साली ॲस्कोसेंट्रमचाही समावेश व्हँडात करण्यात आला, आणि ‘ॲस्कोसेंडा’ हे नाव नोंदवहीतून जाऊन ती सर्व रोपे आता केवळ ‘व्हँडा’ झाली आहेत. दुकानांत आणि जुन्या कुंड्यांवर मात्र ॲस्कोसेंडाच लिहिलेले आढळते. ते लेबल खोडू नये. त्यावरील दुसरा शब्द, म्हणजे संकराचे स्वतःचे नाव, बदललेला नसतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची नोंदवही संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तेथे तो एक शब्द टाकला की रोपाचे आईबाप कळतात, मग त्यांचे आईबाप शोधता येतात, आणि दोन-तीन पायऱ्यांत खासी टेकडी, क्वीन्सलँड किंवा ब्राझीलचा डोंगर समोर येतो. प्लॅस्टिकच्या पट्टीवरील शाई वऱ्हाडच्या उन्हात वर्षभरात उडून जाते. साध्या शिसपेन्सिलीने लिहिलेले नाव मात्र बराच काळ टिकते.